चिंगूस काका आणि कोळशाची बादली

नमस्कार मंडळी, ठाण्याहून बोलतोय. नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका आहेत, नाव नको, बेल वाजली की आधी हॉलचा पंखा बंद करतात आणि मग दार उघडतात, म्हणजे पाहुण्याला वाटावं हे बाहेरच निघालेत, बसायचं नाव नको. पेपर दुसऱ्या मजल्यावरच्यांचा, तोही शब्दकोडं सोडवून परत. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, हे यांच्याकडे बघूनच सुचलं असणार.

आता असा माणूस गोष्टीत बदलून दाखवायचा म्हणजे लेखकाचा कस लागतो, कारण लेक्चर देऊन चिंगूस सुधारत नाही. इंग्लिश लेखक डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’ या गोष्टीतला कंजूष म्हातारा स्क्रूज घ्या, 1843 सालचा, एका रात्री भुतं येऊन त्याला सुधारतात. सगळ्यांना त्यातली भुतं आठवतात, मला कोळसा आठवतो. त्याचा कारकून बॉब, आठवड्याला 15 शिलिंग पगार, त्याच्या शेगडीत जेमतेम एक खडा, आणि कोळशाची पेटी साहेबाच्या खोलीत, त्यामुळे बिचारा मफलर गुंडाळून मेणबत्तीवर हात शेकतोय. मग ती भुतांची रात्र होते, नाताळ होतो, दुसऱ्या दिवशी बॉब साडेअठरा मिनिटं लेट येतो आणि स्क्रूज मुद्दाम जुन्याच आवाजात गुरगुरतो. मग एकदम म्हणतो पगार वाढवतो! बॉबला वाटतं म्हातारा वेडा झाला, पट्टी मारून खाली पाडावं आणि लोकांना बोलवावं. आणि स्क्रूज सांगतो, आधी शेगडी पेटव, कोळशाची आणखी एक बादली आण, मग लिहायला बस. मला तर भुतांपेक्षा ही बादलीच जास्त पटते.

पण एका रात्रीत? जरा घाईच वाटते हो. इंग्लिश लेखिका जॉर्ज एलियटच्या कादंबरीतला सायलस मार्नर (1861) जास्त खरा वाटतो. हा विणकर, रोज रात्री दार लावून सोन्याच्या गिन्या मोजायचा, त्याच चोरीला गेल्या. मग थर्टीफर्स्टच्या रात्री बर्फातून एक दोनेक वर्षांची पोर दुडुदुडु चालत त्याच्या चुलीपाशी येते, याची नजर अधू, सोनेरी काहीतरी चमकतंय म्हणून वाटतं माझं सोनं परत आलं, हात लावतो तर मऊ कुरळे केस. पुढे 16 वर्षांनी सोनं खरंच सापडतं, तोवर त्याला त्याचं फार काही राहिलेलंच नसतं.

फ्रेंच नाटककार मोलिएरच्या नाटकातला कंजूष हार्पागॉन मात्र 1668 पासून तसाच, शेवटी मुलांची लग्नं ठरतात तर हा म्हणतो लग्नात मला नवे कपडे शिवून द्या, आणि निघाला पैशांची पेटी बघायला. अत्र्यांचं ‘कवडीचुंबक’ नाटक त्याच्यावरूनच. ते बघायला चला म्हटलं आमच्या काकांना, तर दारातूनच म्हणाले, पास असतील तर सांग.

परवा मात्र वरच्या मजल्यावरची छोटी, आई ऑफिसातून येईपर्यंत, त्यांच्याकडे बसली होती. दार उघडंच होतं आणि पंखा पाचवर गरगरत होता.