पेन्सविकचे पाथरवट

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यात, स्ट्राउडजवळच्या डोंगरउतारावर पेन्सविक नावाचं छोटंसं गाव आहे. गावच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात छाटून गोलसर केलेली ‘यू’ नावाची सदाहरित झाडं उभी आहेत. येणारा जाणारा ती मोजत बसतो. झाडं ९९च जगतात, शंभरावं लावलं की सैतान ते उपटून नेतो, अशी दंतकथा आहे. पण नजर जरा खाली आणा. खरा ऐवज या झाडांच्या सावलीत आहे: कोरीव दगडी पेट्या.

या दगडी पेट्या म्हणजे कबरी, बऱ्याचशा सतराव्या-अठराव्या शतकातल्या. पेटी आतून पोकळ; माणूस पुरलाय तो तिच्या खाली, जमिनीत. काही कबरी उभट आहेत, त्यांना ‘चहाचे डबे’ म्हणतात. हे नाव एकदा कानावर पडलं की मग डबेच दिसायला लागतात!

एवढा पैसा आला कुठून? लोकरीतून. ओढ्यांच्या पाण्यावर इथल्या गिरण्या चालायच्या, आणि यातल्या कितीतरी कबरी कापडवाल्यांच्या आहेत. ग्लॉस्टरशरचं लोकरी कापड ईस्ट इंडिया कंपनी हिंदुस्थानात आणून विकायची. आपल्या जुन्या कागदपत्रांत ‘बनात’ भेटते ना, ती म्हणजे असंच विलायती लोकरी कापड.

आता अगदी जवळ जाऊ या. कबरीच्या कोपऱ्यावर पंख फुटलेलं बाळाचं तोंड आहे, गाल गुबगुबीत, बाजूला पानांची वळणदार नक्षी. दगड इथल्याच डोंगरातला, चुनखडीचा. भिंगाखाली धरला तर माशाच्या गाभोळीसारखे बारीक गोल दाणे एकमेकांना चिकटलेले दिसतात. खाणीतून नुकता काढलेला दगड ओलसर, मऊ असतो. छिन्नी अडत नाही. हवा लागली की तो टणक होतो. म्हणून तर पापणीसुद्धा कोरता आली. पण पाऊस त्याला सोसत नाही, नक्षी हळूहळू पुसट होत जाते. सांध्यांत घातलेले लोखंडी आकडे गंजून फुगतात आणि चांगला दगड आतून तडकतो. हे बघताना खरंच जीव हळहळतो.

व्यापाऱ्यांची नावं तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली आहेत. माझे हात मात्र जोडले जातात ते पाथरवटांसाठी. इथलं पुष्कळ काम ब्रायन घराण्याचं आहे: बाप जोसेफ, मुलगे जॉन आणि ल्यूक. जॉन १७८७ साली वारला. तोही याच आवारात आहे, एका दगडी पिरॅमिडखाली.