ओलिताच्या रात्री ऐकलेलं जॅझ

नमस्कार श्रोतेहो.

हिवाळ्यात आमच्याकडे शेतीची लाईन रात्री येते. हरभऱ्याचं ओलीत सुरू केलं की स्प्रिंकलरचे पाईप बदलेपर्यंत दोन-अडीच तास धुऱ्यावर बसायचं. तेवढ्या वेळात आम्ही चार-पाच जण शेकोटीपाशी जॅझ हे अमेरिकेतलं संगीत ऐकतो. मोबाईल, छोटा स्पीकर आणि एक नियम: एका रात्री एकच अल्बम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तोही दोनदा. पहिल्यांदा कोणी बोलायचं नाही. दुसऱ्यांदा ज्याला जे सापडलं ते त्यानं सांगायचं.

या नियमावर माझा फार जीव आहे. माइल्स डेव्हिसचा 1959चा 'काइंड ऑफ ब्लू' मी एकट्यानं कितीतरी वर्षं ऐकला होता, पण माझं सगळं लक्ष माइल्सच्या ट्रम्पेटवर. धुऱ्यावर पहिल्यांदा लावला, तेव्हा 'सो व्हॉट' ही पहिली रचना सुरू होताच भजनी मंडळात पेटी वाजवणारे काका दुसऱ्या फेरीत म्हणाले, "गुर्जी, हे तं काफीचे सूर होय." खरंच काफी थाटाचे स्वर! मधेच ते सगळेच्या सगळे अर्ध्या सुरानं वर चढतात आणि परत खाली येतात, हेही त्यांनीच दाखवलं. टाळ धरणाऱ्या भाऊंना वेगळंच दिसलं. तिथं मुख्य चाल पॉल चेंबर्सचा बास, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य, सांगतो आणि बाकीचे दोन-दोन सुरांत उत्तर देतात. "हा म्हणून राह्यला अन् ते मांगून धरून राह्यले." खंजेरीवाल्या पोराला भावली ती ड्रमवाल्या जिमी कॉबची झांज. माइल्सचं वादन सुरू होताना ती एकदाच जोरात पडते आणि तिचा नाद विरत जातो. तेवढाच तुकडा त्यानं तीनदा लावायला सांगितला.

नवख्या माणसाला आधी काय ऐकवावं, यावर आमचा वाद अजून चालू आहे. भाऊ म्हणतात, डेव्ह ब्रूबेकचा 'टाइम आउट'. त्यातलं पॉल डेसमंडचं 'टेक फाइव्ह' पाच मात्रांचं. तीन आणि दोन अशा बोटांवर मोजता येतात, म्हणून माणूस लवकर रमतो. माझं मत अजून माइल्सच्याच बाजूचं. गंमत म्हणजे हे दोन्ही अल्बम आणि चार्ल्स मिंगसचा 'मिंगस आह अम' एकाच वर्षी, न्यूयॉर्कमधल्या एकाच स्टुडिओत मुद्रित झाले. ती इमारत पूर्वी चर्च होती.

पण मला आज खरं सांगायचंय ते सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या 'अ लव्ह सुप्रीम' या अल्बमबद्दल. 9 डिसेंबर 1964, एका दिवसात मुद्रित झालेले चार भाग. 1957 साली कोल्ट्रेन व्यसनातून बाहेर आला होता. त्याची कृतज्ञता म्हणून त्यानं हे देवाला वाहिलं. पहिल्या भागात बासवर चार सुरांची एक ओळ येते. कोल्ट्रेन ती सॅक्सोफोनवर एकेका पट्टीत नेतो, बाराही पट्ट्या फिरतो. मग सॅक्सोफोन खाली ठेवून त्याच ओळीवर 'अ लव्ह सुप्रीम' हे शब्द तोंडानं म्हणायला लागतो, पुन्हा पुन्हा. काकांनी शेकोटीत काडी सारली आणि म्हणाले, "हा तं नाव घेऊन राह्यला."

शेवटच्या भागात कोल्ट्रेनची स्वतःची कविता आहे, अल्बमच्या वेष्टणावर छापलेली. ती तो गात नाही, सॅक्सोफोनवर शब्दाशब्दानं वाजवतो. मी ती मराठीत करून वहीत लिहून नेली होती. टॉर्चच्या उजेडात एक-एक ओळ वाचली आणि वाचलेल्या ओळीमागं सॅक्सोफोन ऐकत गेलो. 'देवा, तुझे आभार' हे पुन्हा पुन्हा येतं, तिथं तो दर वेळी एकाच सुरावर येऊन टेकतो. ते भाऊंनी बरोबर ओळखलं. त्यानंतर ते माझ्या आधीच मान हलवत होते.

पाईप बदलायची वेळ होऊन गेली होती. कोणी उठलं नाही. काकांनी घोंगडी अंगाभोवती ओढली आणि विचारलं, "गुर्जी, हा शेवटचा अभंग आणखी एकडाव लावता का?"