'फूट'ची 'फट'
(पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, मला दिलेला विषय भारदस्त आहे: मराठी वृत्तपत्रांच्या वेबसाइटच्या मांडणीची तुलना. अशा तुलनेत रंग, लोगो, मेनू डावीकडे की उजवीकडे, हे पाहायची पद्धत आहे. ते मी सोडणार आहे. रंग काय, दर दिवाळीला बदलतात. मी पंधरा वर्षं रात्रपाळीला पानं लावली. त्यामुळे वेबसाइट उघडली तरी माझी नजर आधी जाते ती मथळा किती ओळींत बसलाय आणि कुठे तुटलाय याकडे. ही खोड आता जाणार नाही, म्हणून आज एकच बातमी घेऊन आलोय.

बातमी कोल्हापूरची. जुलैतली सकाळ, रात्रभर पावसाची झड. माझी बहीण शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ राहते. 2019 ला आणि परत 2021 ला तिच्या घरात पाणी शिरलं होतं. अशा सकाळी तिला एकच माहिती हवी असते: राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा किती फुटांवर आहे? 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही हे आकडे पाठ असतात. म्हणजे बातमी एका आकड्याची आहे. बाकी सगळा मजकूर त्या आकड्याभोवतीचा.

मी चार वेबसाइट उघडल्या. मुद्दाम तिच्यासारख्याच साध्या, काच तडकलेल्या फोनवर. नावं घेत नाही, कारण सहा महिन्यांत मांडणी बदलते आणि तोवर तोच दोष शेजारच्या दारात गेलेला असतो.

पहिलीवर मुखपृष्ठावरच बातमी होती. फोटो, खाली दोन ओळींचा मथळा. दुसऱ्या ओळीच्या शेवटी आकडा आणि त्यापुढे शब्द: 'फट'. मी चष्मा पुसला. परत 'फट'. बातमी उघडली तेव्हा कळलं की शब्द 'फूट'च आहे, मुखपृष्ठावर त्याचा दीर्घ उकार कापला गेलाय. मग मी त्या पानावर खाली खाली जात कापलेले उकार शोधत बसलो. 'कोल्हापर' सापडलं, 'पल पाण्याखाली' सापडलं.

हे होतं कसं? मथळ्याच्या चौकटीची उंची ठरवलेली असते आणि तिच्याबाहेर जाईल ते दाखवायचं नाही, असं कोडात लिहिलेलं असतं. ती उंची रोमन अक्षरांवरून काढलेली. त्यांना खाली शेपूट असणारी अक्षरं पाच-सहा, आणि शेपूट तोकडं. आपल्याकडे एका अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, तिच्यावर रफार, त्यावर अनुस्वार, आणि शेजारच्या अक्षराच्या पायाशी उकार. 'मूर्तींची' हा शब्द घ्या, वर-खाली दोन्हीकडे गर्दी. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला हे कुणी शिकवावं लागत नव्हतं. उकाराचा खिळा बसायला जागा नसेल तर ओळच बांधली जायची नाही. पडद्यावरची ओळ बांधली जाते आणि उकार मुकाट्याने जातो. ओळींमधलं अंतर थोडं वाढवलं, तर हा रोग पाच मिनिटांत बरा होतो. पण ते करायला कुणीतरी ते पान मराठीत वाचावं लागतं.

त्याच घराण्यातला दुसरा दोष बातमीच्या डोक्यावरच्या छोट्या पट्टीत दिसतो, जिथे 'पश्चिम महाराष्ट्र' वगैरे लिहिलेलं असतं. इंग्रजी साइटवर ती पट्टी मोठ्या लिपीतल्या अक्षरांत, अक्षरं जरा विरळ करून लावतात. छान दिसते. आपल्याकडे मोठी-छोटी लिपी नाहीच, पण विरळ करण्याचा हुकूम मात्र तसाच उचलला जातो, आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

दुसऱ्या साइटवर मथळा पूर्ण दिसत होता, पण त्यात आकडा नव्हता. 'पंचगंगेनं गाठली 'ही' पातळी'. हा एका अवतरणातला 'ही' किंवा 'या' मराठी पत्रकारितेत कधी आला ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. छापील पानावर असा मथळा मी लावला असता, तर वृत्तसंपादकांनी पान तोंडावर फेकलं असतं. मी याला भाषेचा दोष म्हणत नाही, मांडणीचाच म्हणतो. छापील अंकाचे पैसे वाचकाने सकाळीच दिलेले असतात, त्यामुळे मथळ्यात सगळं सांगून टाकायला हरकत नसते. इथे बोट दाबल्यावर हिशेब सुरू होतो, म्हणून मथळा म्हणजे कुलूप. आत गेलो. फोटो, जाहिरात, 'हेही वाचा', पुन्हा जाहिरात, मग पहिला परिच्छेद. तो वाचायला लागतो न लागतो तोच वर एक जाहिरात उशिरा उगवली, मजकूर खाली सरकला आणि माझं बोट सोन्याच्या दुकानावर पडलं. पान असं किती उड्या मारतं याचं गूगलने माप ठरवलंय. 0.1 च्या आत असेल तर चांगलं. मला मापाची गरज पडली नाही.

तिसरी साइट कामाची निघाली. मथळ्यात आकडा, खाली 'सकाळी 7 वाजताची पातळी' असं स्वच्छ लिहिलेलं. नदीच्या बातमीत वेळ नसेल तर आकड्याला अर्थ नाही. छापील अंकाला 'ता. 24' पुरायचं, कारण अंकच एका तारखेचा. वेबवरची बातमी तीन दिवसांनीही 'आज सकाळी' म्हणत फिरत राहते. पूर ओसरल्यावर जुनी बातमी पुढे ढकलून घाबरवणारे नातेवाईक प्रत्येकाला आहेत.

पण याच साइटवर मी कालची पातळी शोधायला गेलो. शोधाच्या चौकटीत 'बंधाऱ्याची' टाइप केलं. निकाल शून्य. डोळ्यांसमोर बातमी, आणि निकाल शून्य! हा शब्द जरा जवळून बघा. त्यातला 'ऱ्या', आपला खास मराठी अर्धा र. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या संगणकाच्या पद्धतीत, तो दोन रस्त्यांनी लिहिता येतो. एक, नुक्ता म्हणजे खाली टिंब असलेला स्वतंत्र 'ऱ' घेऊन त्याला हलंत जोडायचा. दुसरा, साधा 'र', हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. कार्यालयात एक उपसंपादक एका कळफलकावर लिहितो, दुसरा दुसऱ्यावर, आणि तिसऱ्या कुणाच्या घाईत जोडचिन्ह राहून जातं. मग 'बंधार्याची' असा रफार डोक्यावर चढतो, जसं 'आर्या' लिहावं. एका बंधाऱ्याचे तीन बंधारे झाले. शोध देताना हे तिन्ही एक मानायचे, एवढं कोडात लिहिलं की झालं.

एक आडकथा सांगतो. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक वृत्तपत्राचा फॉन्ट वेगळा आणि त्यातलं अक्षरांचं कोष्टकही वेगळं. तो उतरवून घेतला नाही तर पानावर डॉलरची चिन्हं आणि स्वल्पविराम. तेलुगूतल्या 'ईनाडू' दैनिकाचा तर फॉन्टही त्याच नावाचा होता. फायरफॉक्स या ब्राउझरसाठी 'पद्म' नावाची एक जोडणी होती, ती असे मजकूर युनिकोडमध्ये फिरवून द्यायची. परदेशातली मराठी मंडळी त्या काळात सकाळी चहाआधी फॉन्ट बसवायची. आडकथा संपली.

चौथी साइट एका छोट्या जिल्हा दैनिकाची. दिसायला कुरूप. लाल पट्टी सरकतेय, फोनमध्ये असलेलाच फॉन्ट, ना चौकटी ना सावल्या. पण पान झटकन उघडलं आणि पहिल्या चार ओळींत बंधारा, पातळी, वेळ, पाण्याखाली गेलेले बंधारे. बस. देखणेपणाला पैसा नव्हता म्हणून वाचकाचं भलं झालं. चौघींत मी हिला पहिला नंबर देईन. तुम्ही हसताय, पण बहिणीने तीच साइट फोनवर जपून ठेवलीय.

लिपीचं आणखी एक सांगतो. 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ठरवून दिले. काही चांगल्या फॉन्टमध्ये ही मराठी वळणं आत असतात, पण पानाची भाषा मराठी आहे असं कोडात सांगितलं तरच ती बाहेर येतात. मी या पानांचं कोड उघडून पाहिलं. चारपैकी दोन पानांवर भाषा 'इंग्रजी' लिहिलेली. साचा आणला तेव्हाची, कुणी हात लावलेला नाही. 'ल'चं वळण चुकलं तर डोळा चालवून घेतो. पण अंध वाचकाचा फोन याच नोंदीवरून आवाज निवडतो, आणि इंग्रजी आवाज मराठी बातमी वाचायला लागला की काय होतं ते एकदा ऐका.

आता मेनू. मेनू म्हणजे वृत्तपत्राने काढलेला नकाशा. मुंबई, पुणे, मग 'महाराष्ट्र' आणि त्या एका शब्दाखाली उरलेला सगळा संसार. छापील अंकात हे चालत नसे. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती लवकर सोडायची, शहर आवृत्ती उशिरा, म्हणजे गाव कुठलं यावर पान ठरायचं. बेळगावचा वाचक 'महाराष्ट्र' या शब्दाखाली स्वतःला कुठे शोधणार? 1919 साली बेळगावात सुरू झालेल्या 'तरुण भारत'चा नकाशा आपसूकच बेळगाव, गोवा, कोकण, कोल्हापूर असा पडतो. 1962 साली गोव्यात निघालेल्या 'गोमन्तक'ला पणजी हेच मध्य. हे नकाशे मुंबईहून काढता येत नाहीत. माझ्या बहिणीचं गाव नदीकाठाने ठरतं. तिला शिरोळची पातळी सांगलीशी जोडून हवी असते, आणि तसा मेनू मला अजून कुठे दिसलेला नाही.

तिला त्या सकाळी मी फोन केला, चार साइट बघून आकडा सांगायला. ती म्हणाली, "अरे, तो सातचा झाला. आता नऊ वाजलेत." तिचा मुलगा पंचगंगा घाटावर जाऊन आला होता.

दिवे लावा, प्रश्न घेऊ या.