पहिल्या पानासाठी भांडणारा माणूस: 'लू ग्रँट'

झाडावर पक्षी गातोय. करवत चालते, झाड कोसळतं. लाकडाचा लगदा, लगद्याचा कागद, कागदावर छपाई. सकाळी अंक घरात येतो, वाचून होतो आणि शेवटी पिंजऱ्यातल्या पक्ष्याखाली अंथरला जातो.

ही 'लू ग्रँट' या अमेरिकी मालिकेची शीर्षकदृश्यं. २० सप्टेंबर १९७७ रोजी ती सीबीएस वाहिनीवर सुरू झाली. आपल्याकडे तिचं नावही फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि याची खरंच हळहळ वाटते.

लू हे पात्र आधीच्या एका विनोदी मालिकेतलं, टीव्हीच्या न्यूजरूममधला खडूस साहेब. तिथली नोकरी जाते आणि तो लॉस एंजेलिसमध्ये 'ट्रिब्यून' या काल्पनिक दैनिकाचा शहर संपादक होतो. नट तोच, एड अ‍ॅस्नर. एकाच भूमिकेसाठी त्यांना विनोदी आणि गंभीर, दोन्ही प्रकारांत एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं.

या मालिकेतलं नाट्य टेबलाभोवती घडतं. संपादकांची बैठक बसते. परदेश, देश, शहर, जो तो आपली बातमी पुढे रेटतो, कारण पहिल्या पानावर जागा मोजकीच. लू आपल्या बातमीदारांसाठी तिथे भांडतो आणि बाहेर येऊन त्याच बातमीदारांना पुन्हा फोनला बसवतो: आणखी एकाकडून खात्री करून घ्या. त्यांतला रॉसी उतावळा, चावरा. बिली शांतपणे खोदत राहणारी. दोघांनाही घड्याळ सारखंच छळतं.

पहिल्याच भागात पोलीस बीटवरचा, म्हणजे पोलिसांच्या बातम्यांची नेमून दिलेली जबाबदारी सांभाळणारा, जुना बातमीदार पोलिसांशी असलेली दोस्ती सांभाळत एक प्रकरण दाबू पाहतो. तो लाचखाऊ नाही. वर्षानुवर्षं ज्यांच्यासोबत चहा-कॉफी घेतली, त्यांच्याविरुद्ध लिहायला त्याचा हात उचलत नाही. बीट सांभाळलेल्या कुणालाही हा प्रसंग बोचेल.

पाच हंगाम, ११४ भाग. १९८२ मध्ये मालिका बंद झाली. अ‍ॅस्नर तेव्हा अभिनेत्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते, मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर या देशातल्या अमेरिकेच्या धोरणाविरुद्ध उघड बोलत होते, तिथे वैद्यकीय मदत पाठवण्यासाठी निधी जमवत होते. किंबर्ली-क्लार्क कंपनीने जाहिराती काढून घेतल्या. वाहिनीने घटत्या प्रेक्षकसंख्येकडे बोट दाखवलं. आपल्या राजकीय भूमिकेमुळेच मालिका गेली, असं अ‍ॅस्नर पुढे सांगत राहिले. मला त्यांचंच म्हणणं पटतं.