सात वर्षं, सात मास्तर

मागे ऐकू येतंय ना? पत्रिकेवर विषय छापलाय, ‘कॉलेजातला क्वार्टरबॅक एनएफएलसाठी कसा घडवावा’. नव्यांसाठी सांगतो, अमेरिकन फुटबॉलमध्ये पास फेकून डाव चालवतो तो क्वार्टरबॅक, आणि एनएफएल ही तिथली व्यावसायिक लीग. त्याचे उपाय शेवटी सांगतो, आधी जरा मन मोकळं करून घेतो. समोर बहुतेक फोर्टीनाइनर्सवाले, म्हणजे आपल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचे दिसतायत. शेजारच्या रेडर्स संघाचे दोघंतिघं आहेत, त्यांच्यापुढे आज त्यांच्या फसलेल्या क्वार्टरबॅकचं, जामार्कस रसेलचं नाव काढणार नाही. काढलंच की! माफ करा.

२००५ चा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी कॉलेजातली पोरं क्रमानं निवडायची. पहिला नंबर आपला. इथून तासाभरावर बर्कलीच्या कॉलेजात पुढे नावाजलेला क्वार्टरबॅक अ‍ॅरन रॉजर्स, लहानपणापासून आपल्याच संघाचा भक्त. आपण घेतला युटा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक अ‍ॅलेक्स स्मिथ. रॉजर्स बिचारा चोविसाव्या नंबरापर्यंत कॅमेऱ्यांपुढे बसून राहिला. ही गोष्ट तुमच्यातला प्रत्येक जण तिखटमीठ लावून सांगतो आणि वर म्हणतो, आपण चुकीचा मुलगा उचलला. हे मला मुळीच मान्य नाही. त्यासाठीच तर इथं उभा राहिलोय.

स्मिथ तेव्हा वीस वर्षांचा. अर्थशास्त्राची पदवी दोन वर्षांत मिळवलेला. हं, आता कशा माना डोलल्या! युटात तो शॉटगनमधून खेळायचा. म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या सेंटरपासून चारपाच यार्ड मागे उभं राहायचं, समोरचं मैदान पहिल्यापासून डोळ्यांपुढे. एनएफएलमध्ये तेव्हा बराचसा खेळ सेंटरला खेटून उभं राहून व्हायचा. चेंडू घ्यायचा आणि मागे सरकता सरकता समोरचा बचाव वाचायचा. पावलं वेगळी, नजर वेगळी. पहिल्या वर्षी टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारा, एक; इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेले पास, अकरा.

आता त्याचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाचे डाव आखणारे मास्तर मोजा. २००५, माइक मॅकार्थी. ते वर्षभरात ग्रीन बे संघाचे हेड कोच झाले आणि तिथं त्यांच्या हाती कोण लागलं, तर रॉजर्स! २००६, नॉर्व्ह टर्नर. पोरगं जरा सावरतंय तोवर टर्नर सॅन डिएगोच्या संघाकडे गेले. २००७, जिम हॉस्टलर. त्या वर्षी खांदा गेला. २००८, माइक मार्ट्झ. त्या वर्षी स्मिथ दुखापतीमुळे एकही सामना खेळला नाही. २००९, जिमी रे. २०१० मध्ये तीन सामने हरल्यावर रे यांना घरी पाठवलं, आले माइक जॉन्सन. २०११, ग्रेग रोमन. सात वर्षं, सात मास्तर. दर वर्षी नव्या घराण्याच्या बुवांकडे गंडा बांधायचा, आधीच्या बुवांनी घोटून घेतलेलं विसरायचं आणि मैफल मात्र हजारो लोकांपुढे दर रविवारी ठरलेली. प्लेबुक, म्हणजे डावांची वही बदलली की त्याच धावेला नवं नाव, क्वार्टरबॅकवर चालून येणाऱ्या त्याच ब्लिट्झला नवं उत्तर. ते सगळं दोन डावांमधल्या चाळीस सेकंदांच्या घड्याळात आठवायचं. आणि आपण घरी सोफ्यावर बसून म्हणायचं, ‘याला डोकंच नाही.’

२०११ मध्ये जिम हार्बॉ हेड कोच म्हणून आले. माणूस स्वतः क्वार्टरबॅक खेळलेला. त्या मोसमात तेरा विजय आणि स्मिथची इंटरसेप्शन फक्त पाच. मग जानेवारीतला सेंट्स संघाविरुद्धचा सामना, नऊ सेकंद उरलेली असताना व्हर्नन डेव्हिसला दिलेला विजयी पास. त्या दिवशी आपल्या कँडलस्टिकच्या मैदानात कोण कोण होतं? एवढे हात? आदल्या वर्षी मी तिकिटं फुकट वाटत होतो, तेव्हा यातले किती वर आले होते ते माझ्या चांगलं लक्षात आहे.

पुढे स्मिथ कॅन्सस सिटीच्या संघात गेला. २०१७ मध्ये तिथले हेड कोच अँडी रीड यांनी दहाव्या नंबरावर क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला घेतलं आणि जवळजवळ वर्षभर बसवून ठेवलं. कोणाच्या मागे? स्मिथच्या! आपली जागा घ्यायला आलेल्या पोराला त्यानं आठवड्याची तयारी कशी करायची ते उघड दाखवलं आणि स्वतः त्याच वर्षी पासर रेटिंगमध्ये, म्हणजे पास फेकण्याच्या गुणांकात, लीगमध्ये पहिला आला. २०१८ मध्ये महोम्सनं पन्नास टचडाउन पास दिले. त्या पन्नासांत...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर मूळ मुद्दा. नवख्याला बसवावं की पहिल्या दिवसापासून खेळवावं, हा वाद मला दुय्यम वाटतो. क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग १९९८ मध्ये पहिल्या सामन्यापासून खेळला. इंटरसेप्शन २८, आणि नवख्यांचा तो विक्रम अजून अबाधित आहे. पण त्याचे कोऑर्डिनेटर टॉम मूर त्याच्यासोबत दहा वर्षांहून अधिक राहिले आणि दुसऱ्याच वर्षी संघानं तेरा सामने जिंकले. रॉजर्स ग्रीन बेमध्ये तीन वर्षं जुन्या क्वार्टरबॅकच्या, फार्वच्या मागे बसला, तोही घडला, कारण मॅकार्थी २०१८ पर्यंत तिथंच होते. तिकडून कोणीतरी जॅरेड गॉफ म्हणालं. बरोबर. पहिल्या वर्षी सातपैकी सात हरला, कोच बदलला आणि पोरगा उभा राहिला. वाईट मास्तर धरून ठेवा, असं माझं म्हणणं नाही. पण ज्या वर्षी हेड कोचचीच खुर्ची हलतेय, त्या वर्षी पहिल्या नंबरावर क्वार्टरबॅक घेऊ नका, तो नंबर दुसऱ्या संघाला देऊन टाका.

सरावाचं भराभर सांगतो. लीग आणि खेळाडूंच्या २०११ च्या करारानं सराव कमी केला, मोसमात पॅड घालून फक्त चौदा. शरीरासाठी ते योग्यच, पण राखीव पोराच्या वाट्याला उरतं काय, तर बहुतेक वेळ पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल. एनएफएल युरोप ही पोरांना खेळायला मिळणारी तिकडची लीग २००७ मध्ये बंद केली. पुढे नावाजलेला क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर तिथंच, अ‍ॅमस्टरडॅमला खेळून आला होता हे मालक विसरले. वसंतात अशी एक लीग एनएफएलनं स्वतःच्या पैशानं चालवावी. यांना पैशाची काय ददात!

कॉलेजांची बाजू थोडी सुधारली आहे. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावता येतात, त्यामुळे पोरं जास्त थांबतात. क्वार्टरबॅक बो निक्स कॉलेजात ६१ सामने सुरुवातीपासून खेळून आला. २०२४ पासून तिथंही कोचच्या सूचना ऐकायला हेल्मेटमध्ये रेडिओ आहे. मैदानाच्या खुणा मात्र अजून वेगळ्याच. ज्यांच्या दरम्यान डावाआधी चेंडू ठेवतात त्या हॅश मार्कांच्या दोन रांगांमधलं अंतर कॉलेजात ४० फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा, म्हणजे कुठला पास लांबचा आणि कुठला जवळचा याचा सगळा हिशेब नव्यानं बसवायचा. त्याची आकृती काढून आणली होती. हो, हो, उतरतो. जेवताना ज्यांना हवी त्यांनी माझ्या टेबलाशी या.