गुप्त मंडळाची पत्रं: खेळ मांडण्याआधी

(नागपुरात धंतोलीतल्या एका वाचनालयात, पत्रखेळाची तयारी करणाऱ्या तरुण मंडळींपुढे केलेलं भाषण. थोडी काटछाट केली आहे.)

मंडळी, तुमच्या खेळाचा कच्चा आराखडा मला आधीच वाचायला मिळाला होता. नागपुरात मांत्रिकांचं एक गुप्त मंडळ आहे, तुम्ही प्रत्येक जण त्यातला एक सभासद, आणि सगळी गोष्ट एकमेकांना लिहिलेल्या पत्रांतून घडवायची. कल्पना झकास आहे. पण आराखड्यातली जवळजवळ सगळी जागा कोणाकडे कोणती शक्ती यातच गेली. एक जण वारा थांबवतो, दुसरा कावळ्यांशी बोलतो, एकीला आरशातून पलीकडचं दिसतं. पत्रांबद्दल मात्र शेवटी एकच ओळ: ‘आठवड्याला एक.’ वरातीचा बँड ठरला, नवरा-नवरी अजून बघायचे आहेत, असं झालं हे.

वारा थांबवला हे पत्रात कसं कळणार? वाचणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की अमुक माणूस ‘मी वारा थांबवला’ असं लिहितोय. खरं की थाप, हे त्याने ठरवायचं. पत्र नेहमी घटना घडून गेल्यावर येतं आणि एकाच बाजूचं येतं. म्हणून पत्रांच्या खेळात शक्तीला फारशी किंमत नसते. कोणाला काय ठाऊक आहे आणि कोणापासून काय लपवलंय, यावर खेळ चालतो. माझं म्हणणं एवढंच आहे की, शक्ती वाटण्याआधी अज्ञान वाटा.

ते कसं वाटायचं, ते सांगतो. तुमच्यातला एक जण कारभारी करा. तो पत्र लिहिणार नाही. सगळी गोष्ट त्या एकट्याला माहीत. त्याने प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीत मंडळाबद्दलच्या दोन-तीन खऱ्या गोष्टी, आणि त्यांच्यात मिसळलेली एक खोटी. कुठली खोटी ते त्या सभासदालाही कळू द्यायचं नाही. चिठ्ठ्या अशा बेताने लिहायच्या, की कोणाही दोघांच्या जोडून पाहिल्या तर कुठेतरी खटका उडावा. पहिल्या पत्रापासून लोक भांडायला लागतील, आणि दोघंही प्रामाणिकपणे भांडतील. याहून चांगली सुरुवात मला तरी सुचत नाही.

आता काळ. तुम्ही लिहिलंय, ‘आजचं नागपूर, पण मोबाइल नसलेलं.’ ही पळवाट आहे, आणि वाचणाऱ्याला ती सतत टोचत राहते. मोबाइल का नाही, याचं उत्तर देण्यात अर्धा खेळ जाईल. मी तुम्हाला १८८१ साल सुचवतो. कारणं सांगतो, कारण हा भाग मला स्वतःला फार आवडतो.

११ डिसेंबर १८५३ रोजी नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले वारले. औरस मुलगा नव्हता, आणि डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला विकायला काढले, जवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला गेलं. त्याच १८५४ साली नवा टपाल कायदा आला आणि अंतराचा हिशेब सुटला: पत्र कुठेही जावो, हलकं असेल तर अर्धा आणा. तुमचं जुनं मंडळ वाड्याच्या आश्रयाने जगत होतं असं धरा. राज्य गेलं, मंडळ पांगलं. कोणी शहरातल्या महाल भागातच राहिला, कोणी रामटेकला गेला, कोणी उमरेडला कोष्ट्यांच्या वस्तीत जाऊन धोतरांचा व्यापार करू लागला. भेटीगाठी बंद आणि टपाल स्वस्त! पत्रं का लिहायची, याला आणखी कारण लागत नाही. त्यात १८६४ साली वाडा जळाला. मंडळाची नोंदवही त्या आगीत गेली की कोणी आधीच काढून नेली? कारभाऱ्याच्या चिठ्ठ्यांतली निम्मी भांडणं या एका प्रश्नातून निघतात.

मग १८८१ कशाला, १८६५ का नको? एक तर तोवर त्या म्हाताऱ्यांचे शिष्य मोठे झालेले असतात. ज्यांनी लिलाव डोळ्यांनी पाहिला ते, आणि ज्यांनी तो फक्त ऐकला ते, असे दोन तट आपोआप पडतात. दुसरं, १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली, १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या भोंग्यावर उठणारा एखादा मांत्रिक मला बघायचाच आहे. आणि तिसरं कारण पोस्टकार्डाचं. ते १८७९ साली आलं, किंमत पाव आणा. गुप्त मंडळाला कार्डासारखी अडचणीची वस्तू दुसरी नाही. डाकवाला वाचतो, गल्लीतला वाचता येणारा पोरगा वाचतो, घरातल्यांना वाचून दाखवतो. ज्याच्याकडे लखोट्याचे पैसे नाहीत किंवा ज्याला घाई आहे, तो कार्डावर काय लिहील? ‘मावशीची तब्येत ठीक, गाय व्याली.’ गाय कोण आणि व्याली म्हणजे काय, हे दोघांनाच ठाऊक. तुमच्या खेळात दर तीन-चार पत्रांमागे एक कार्ड सक्तीचं करा. कार्डावर खुणेने बोलायचं, आणि ते कार्ड सगळ्या खेळाडूंना वाचायला मोकळं. बंद पत्र मात्र ज्याचं त्यालाच.

शिवाय नागपूरची काळी मारबत, म्हणजे मिरवत नेऊन जाळायचा पुतळा, १८८१ सालीच सुरू झाली असं सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत सगळं शहर रस्त्यावर. लोक ती बाकाबाईशी, म्हणजे रघूजींच्या आजीशी जोडतात. जुन्या मंडळातल्या माणसाला तो पुतळा जळताना पाहून काय वाटलं असेल, एवढ्या एका प्रश्नावर एक अख्खं पत्र होतं. एक बारकावा सांगून ठेवतो. पिवळी मारबत १८८५ ची म्हणतात. तेव्हा १८८१ च्या पत्रात कोणी चुकून पिवळीचं नाव घेतलं तर खोडू नका. त्याला पुढचं दिसतं, हे आता सगळ्यांना कळलं, असं समजून चालू लागा.

आता मायना. आपल्या जुन्या पत्रांना एक ठरलेला सांगाडा असतो, आणि तुम्ही तो वापरला नाही तर हातातलं आयतं सोनं फेकल्यासारखं होईल. वर श्री, मग ‘राजश्री अमुक गोसावी यांसी’, मग ‘विनंती उपरि’, मग ‘येथील क्षेम जाणोन स्वकीय कुशल लिहीत जाणे’, मग ‘विशेष’, आणि खरा मजकूर त्यानंतर. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. दरबारी पत्र असेल तर खाली शेवटचा छोटा शिक्का, म्हणजे त्यानंतर कोणी ओळ घुसडू नये. मंडळाचा असा शिक्का ठरवून टाका. शिक्क्याच्या खाली एखादी ओळ आली तर ती दुसऱ्याच कोणाच्या हातची! कारभाऱ्याला इथे हात घालता येतो: पत्र पोचण्याआधी त्याने खाली एकच वाक्य वाढवायचं. ज्याला शिक्क्याचा नियम आठवतो त्याला कळेल, बाकीचे फसतील.

जुनी पिढी मोडीत लिहील, नवी बाळबोधीत. मोडी तुम्हाला यायला हवी असं नाही, तिची चाल समजली तरी पुरे. आधी आडवी रेघ मारून घ्यायची, मग हात न उचलता बोरू पळवायचा. शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. म्हणजे तीच ओळ वेगळ्या ठिकाणी तोडली की वेगळं वाचता येतं. खेळात म्हाताऱ्यांनी महत्त्वाची एक ओळ शब्द न तोडता लिहायची, एवढाच नियम ठेवा. आणि सांकेतिक लिपीच हवी असेल तर लांब जायला नको. महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा लिप्यांत शतकानुशतकं बंद ठेवल्या. त्यांचं रिद्धपूर आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं. पण खऱ्या पंथाला तुमच्या मांत्रिकांत ओढू नका. युक्ती घ्या, माणसं घेऊ नका.

एक नमुना मी करून आणलाय, ऐका.

‘श्री. राजश्री दादा गोसावी यांसी विनंती उपरि. येथील क्षेम जाणोन स्वकीय कुशल लिहीत जाणे. विशेष. मारबतीचे दिवशी गर्दीत आपला उमरेडचा माणूस दिसला. त्याने ओळख दिली नाही. वही त्याचेकडे ठेविली असे आपण लिहिता. तो म्हणतो, ठेविलीच नाही. आपले अक्षर मी ओळखतो, पण मागील पत्रातील अक्षर आपलेच काय, याचा संशय आला आहे. उत्तर कार्डावर नको. बहुत काय लिहिणे.’

यात जादू कुठे आहे? कुठेच नाही. तरी मंडळ आहे, संशय आहे, आणि उत्तर दिल्याशिवाय दादांना राहवणार नाही.

आता जादूचं. आराखड्यात करणी, मूठ मारणं, भानामती हे शब्द आलेत. ते काढा असं मी आग्रहाने सांगेन. या शब्दांनी आपल्याकडे खऱ्या बायकांना चेटकीण ठरवून मारलंय. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम १९८२ साली याच शहरातून सुरू झालं, आणि २०१३ मध्ये राज्याने जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, तो काही हौसेने नाही. तुमची जादू उघडउघड कल्पनेतली असू द्या, कोणाच्या शेजारणीवर चिकटणारी नको. माझी सूचना अशी: या मंडळाची जादू फक्त लिहून होते. शिक्क्याचं पत्र उघडलं की त्यातलं एक वाक्य वाचणाऱ्याच्या घरात खरं होतं. पण त्याची किंमत लिहिणारा भरतो. ते वाक्य लिहिल्याचं तो कायमचं विसरतो.

याचा परिणाम बघा. जादू केलेल्या खेळाडूने पुढची सगळी पत्रं ती गोष्ट ठाऊक नसल्यासारखी लिहायची. समोरचा आभार मानतोय, आणि हा विचारतोय, कशाबद्दल? जो जास्त जादू करेल तो हळूहळू आपल्याच गोष्टीतून पुसला जाईल. मग त्या जळालेल्या वहीला खरी किंमत येते, कारण कोणी काय केलं हे फक्त तिच्यातच होतं. आरसे-कावळे काही लागत नाहीत.

नियम थोडे ठेवा, पण हा एक पाळाच: दुसऱ्याच्या पात्राचं काही परस्पर ठरवायचं नाही. ‘तू काल माझ्याकडे रडलास’ असं लिहायला हरकत नाही, कारण ते तुमचं म्हणणं झालं. तो उलट टपाली नाकारू शकतो. दोन वेगळ्या हातांनी लिहिलं तेच घडलं असं धरायचं. एकाच हाताचं असेल ती वदंता. यामुळे मरणाचा प्रश्नही सुटतो. तुमच्या पात्राला कोणी पत्रात मारलं तरी तुम्ही होकार लिहीपर्यंत तुम्ही जिवंत.

माणसं सहा-सात पुरेत. सगळ्यांनी सगळ्यांना लिहायचं नाही. प्रत्येकाचे दोन-तीनच पत्रमित्र, आणि मंडळातल्या निदान एकाचं खरं नाव कोणालाच ठाऊक नसावं. पत्रं खरोखर टपालाने पाठवा, पेटीत टाका. सिव्हिल लाइन्सचं जीपीओ, म्हणजे मोठं टपाल कार्यालय, बघून या, त्या इमारतीतच अर्धं पत्र सुचतं. मधे परीक्षा येतील, कोणी महिनाभर गप्प बसेल. त्याच्यामागे लागू नका. बाकीच्यांनी त्याच्या गप्प बसण्याबद्दल एकमेकांना लिहायचं. तो परत येईल तेव्हा त्याच्यावर इतके आळ आलेले असतील, की त्याला लिहिण्यावाचून गत्यंतर राहणार नाही.

मघाशी तुमच्यातल्या एकीने विचारलं, संपवायचं कसं? तारीख आधीच ठरवा. पोळ्याला सुरू केलंत तर होळीला थांबा. होळीला कारभाऱ्याने वही आणायची. तीत सगळ्या चिठ्ठ्या आणि विसरलेली सगळी वाक्यं असतील. मग एकत्र बसून पत्रं तारखेच्या क्रमाने मोठ्याने वाचायची, ज्याची त्याने. अर्धा दिवस तरी हाताशी ठेवा, आणि तर्री-पोहे आधीच मागवून घ्या, कारण एकदा वाचन सुरू झालं की खाली जाऊन आणायला कोणी उठत नाही.