अंगठा, बर्फ आणि घड्याळ

श्रोतेहो, तुटलेला हात पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रियेवर बोलण्यासाठी वाचनालयाने मला बोलावले आहे. पण त्याआधी मला एका अंगठ्याची हकीकत सांगितलीच पाहिजे, कारण ती अजून माझ्या मनातून जात नाही.

काही वर्षांपूर्वी, चवथीच्या तोंडावर, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला एक तरुण सुतार आमच्याकडे आला. लाकूड कापताना यंत्राच्या पात्याखाली त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मुळापासून तुटला होता. जखम स्वच्छ होती आणि अपघाताला जेमतेम दोन तास झाले होते. याहून चांगली संधी क्वचितच मिळते. वाटेत त्याच्या भावाने एका दवाखान्यात फोन केला, तेव्हा ‘बर्फात घालून न्या’ एवढेच उत्तर मिळाले. भाऊ मासळीच्या धंद्यातला. त्याने अंगठा थेट कुटलेल्या बर्फात पुरला आणि वर खडेमीठ पसरले. मीठ पडले की बर्फाचे तापमान शून्याच्याही खाली जाते. मी डबा उघडला तेव्हा तो अंगठा मेणासारखा पांढरा आणि लाकडासारखा कडक होता. पेशींतले पाणी गोठले होते, रक्तवाहिन्यांचे आतले नाजूक अस्तर फाटले होते. धमनी जोडली की रक्त वाहू लागे आणि काही मिनिटांत पुन्हा गुठळी होई. पहाटे आम्ही थांबलो. बाहेर बसलेल्या भावाने विचारले, ‘दोतोर, बर्फ कमी पडला काय?’ त्याला काय उत्तर द्यावे, हे मला सुचले नाही. त्या फोनवर आणखी दोन वाक्ये सांगितली असती तर अंगठा वाचण्याची खरी आशा होती, याचा राग मला आजही आहे.

ती वाक्ये अशी. तुटलेला भाग ओल्या, पिळलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बर्फ किंवा पाणी बोटाला लागता कामा नये. जखमेवर कापड घट्ट दाबून हात उंच धरावा, आणि कातडीला लोंबकळणारा भाग कापून टाकू नये. घरातल्या विळीपासून नारळ पाडणाऱ्या पाडेलीच्या कोयत्यापर्यंत धारदार पाती आपल्याकडे रोजच्या वापरात आहेत, म्हणून हे शाळेतच शिकवले पाहिजे.

संयोजकांनी घड्याळ दाखवले आहे, त्यामुळे जाहीर केलेला विषय थोडक्यात उरकतो. 1962 साली बॉस्टनमध्ये एका बारा वर्षांच्या मुलाचा तुटलेला हात जोडला गेला, 1963 साली शांघायमध्ये चेन झोंगवेई यांनी एका कामगाराचा पंजा जोडला, आणि 1965 साली जपानच्या नारा प्रांतात कोमात्सु व तामाई यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण तुटलेला अंगठा जोडला. बोटाची धमनी सुमारे एक मिलिमीटर रुंद असते आणि तिला घालायचा धागा केसाहून बारीक असतो. साधारणपणे आधी हाड तारेने स्थिर करतात, मग स्नायुबंध, धमनी, मज्जातंतू आणि शिरा जोडतात. शिरा अपुऱ्या पडल्या तर साचलेले रक्त काढण्यासाठी जळवाही लावतात. थंड ठेवलेले बोट चोवीस तासांपर्यंत टिकू शकते. स्नायू भरपूर असलेला दंड किंवा कोपरापुढचा हात मात्र गरम राहिला तर सहा तासांतच हातचा जातो. मज्जातंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो, म्हणून जोडलेल्या बोटाच्या टोकाला स्पर्श कळायला काही महिने जावे लागतात, आणि तेवढे दिवस रुग्णाने विडी-सिगारेटला हात लावायचा नसतो, कारण तंबाखूने त्याच बारीक वाहिन्या आकसतात.